तानाजीसाठी चौकशी

३ जानेवारी, शुक्रवार

बियाण्याच्या कंपनीने यंदा दुकानदारांना भिंतीवरच्या घड्याळाऐवजी डायऱ्या वाटल्या. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. पण घरात जे चाललंय ते दुकानात बोलता येत नाही, आणि घरात तोंड उघडलं की सत्यशीला मलाच गप्प बसवते. म्हणून इथे लिहितो.

तानाजी माझा धाकटा भाऊ. गेवराई डेपोला एसटीचा चालक. दिवाळीनंतर महामार्गावर उलट्या बाजूने आलेला एक मोटरसायकलवाला त्याच्या बससमोर आला आणि जागीच गेला. तानाजीची चूक नाही असं चौकशीत निघालं, तसं लेखी आलं. मला वाटलं विषय मिटला. पण तो तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावत नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की ताटावरून उठतो. अर्धी भाकरी खातो, कधी तेवढीही नाही. उन्हाळ्यापर्यंत कामावर ये, असं डेपोने सांगितलं आहे. नाही गेला तर नोकरीचं काय, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

सत्यशीला म्हणते, मनाच्या डॉक्टरकडे न्या. मी नाही कुठे म्हटलं? फक्त दोन गोष्टी. एक, डॉक्टर खरा पाहिजे. दोन, आमच्या गावात, तलवाड्यात, कुणाला कळता कामा नये. तानाजी एकतीस वर्षांचा, अजून लग्नाचा. आधीच ड्रायव्हरला मुलगी मिळत नाही, त्यात डोक्याचे उपचार चालू म्हटल्यावर दारात कोण उभं राहील?

६ जानेवारी, सोमवार

जिल्हा रुग्णालयात हा विभाग आहे, पण तिथे केसपेपरच्या रांगेत निम्मा तालुका भेटतो. ते बाद.

गेवराईतच एका बोळात ‘मनःशांती उपचार केंद्र’ अशी मोठी पाटी दिसली. नावाआधी ‘डॉ.’, नावापुढे इतकी इंग्रजी अक्षरं की पाटी संपली. दुपारी दुकान नोकरावर सोपवून गेलो. ओळखीच्या एकासाठी विचारतोय म्हणालो. मग विचारलं, आपला नोंदणी क्रमांक?

गृहस्थ हसले. “अहो, अनुभव हीच नोंदणी. हजारो लोक बरे केलेत.”

भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं. जवळ जाऊन वाचलं. दोन दिवसांचं संमोहन शिबिर. माझ्या दुकानात पिशवीवर लॉट नंबर नसेल तर मी माल गाडीतून उतरवून घेत नाही. इथे तर पिशवीतच काही नव्हतं. चहा न घेता निघालो.

मग एका जाणत्या माणसाकडून समजून घेतलं. औषध-गोळी देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, तो एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला असतो. बसवून, बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ वेगळा. त्याची नोंद केंद्र सरकारच्या पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते आणि तो नंबर मोबाइलवर कुणालाही बघता येतो. एवढं सोपं असून कुणी बघत का नाही, देव जाणे.

११ जानेवारी, शनिवार

आमचा घरचा आरोग्य विमा आहे. कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी बोलली. मानसिक आजार धरतात का? “हो सर, ॲडमिट असेल तर.” आणि ॲडमिट न होता, नुसतं जाऊन बोलून यायचं असेल तर? “तुमच्या पॉलिसीत ते नाही सर.”

“म्हणजे माणसाची तब्येत पार बिघडेपर्यंत थांबायचं?”

“पेशंट आपले कोण, सर?”

“भाऊ.”

“सर, भाऊ फॅमिलीमध्ये येत नाही.”

बाप गेला तेव्हा तानाजी चड्डीत शाळेत जात होता. त्याची फी मी भरली, त्याला गाडी मी शिकवली, आणि कंपनीच्या लेखी तो माझ्या कुटुंबात नाही. आणखी काही मदत हवी का असं तिने विचारलं. मी नको म्हणालो. त्या पोरीचा काय दोष!

एसटीकडून कर्मचाऱ्याला काही सवलत असते, पण कागद डेपोतून जाणार. म्हणजे गावभर. तेही बाद.

१६ जानेवारी, गुरुवार

सापडली. बीडला एक बाई आहेत, प्रियदर्शनी नावाच्या. पाटी लहान, नावाआधी ‘डॉ.’ नाही. म्हणून मी आधी नाकच मुरडलं होतं. पण परिषदेच्या यादीत नाव, नंबर, शिक्षण सगळं जुळलं. गंमतच आहे, ज्याच्या पाटीवर ‘डॉ.’ त्याच्याकडे काही नाही आणि जिच्याकडे आहे तिच्या पाटीवर नाही.

फोन केला. विमा चालतो का म्हणून विचारलं. बाई सरळ बोलल्या, “बिल देते मी. पण तुमच्या पॉलिसीत बाहेरून येऊन घ्यायचे उपचार नसतील तर पैसे मिळणार न्हाईत. उगं आशा धरू नका.” मग म्हणाल्या, “पेशंट कोण आहे?”

“लांबचे आहेत.”

“लांबच्यांना लवकर आणा,” एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

सत्यशीलेने कागदावरचं नाव, नंबर वाचला. “सरकारी यादीत हाय ना? मग उद्याच नेऊ भावजींना.”

“अगं, नंबर म्हणजे कागदाची खात्री झाली. माणसाची कुठं झाली?”

“आनखी काय बगायचं राह्यलं?”

आमच्या भावकीत कुठलंही स्थळ आलं की चौकशी माझ्याकडे येते. घराणं, वागणं, बोलणं, शेजाऱ्यांशी कसे आहेत, हे मी इथे बसून काढतो. ज्या बाईसमोर माझा भाऊ पोटातलं बोलणार ती पोटात ठेवणारी आहे का, हे बघायला नको? सत्यशीलेने कागद उचलून नेला, कपाटात ठेवायला असेल.

१९ जानेवारी, रविवार

आज डोकं चांगलं चाललं. बाईंचं गाव धारूरकडचं असं कळलं. तिथे माझा आतेभाऊ आश्रुबा राहतो. पण एका बाईची चौकशी करतोस कशाला, असं तो विचारणार. मग सुचलं, स्थळ म्हणून विचारू! स्थळासाठी कुणाचीही सात पिढ्यांची माहिती काढा, कुणी वावगं म्हणत नाही, उलट खुर्ची देतात.

आश्रुबाला फोन केला. मुलगी बिनलग्नाची आहे हे त्याला ठाऊकच होतं. म्हणाला, “कुनासाठी रं?”

“आपल्या तानाजीसाठीच समज.”

“आरं वा! लई शिकलेली हाय पन ती. बगतो, काढतो समदं.”

साप मेला आणि काठीही मोडली नाही. मनावरचं ओझं थोडं उतरलं.

२३ जानेवारी, गुरुवार

चांगली गोष्ट. तानाजीने दाढी केली. बीडला दत्ताच्या दर्शनाला जातो म्हणाला, गुरुवार धरलाय. सत्यशीलेची बहीण बीडलाच असते, तिला भेटायचं म्हणून सत्यशीलाही सोबत गेली. दोघे एसटीनेच गेले, तो मागच्या सीटवर बसला म्हणे. संध्याकाळी आल्यावर डोळे लाल होते. पण एक भाकरी संपवली आणि ताटावरून उठला नाही.

मी सत्यशीलेला म्हणालो, देवाला नाव ठेवू नये. ती म्हणाली, “कोन ठिवतंय?”

२ फेब्रुवारी, रविवार

आश्रुबाचा फोन. मुलीला वडील नाहीत. मामा सुंदरराव यांनी शिकवलं, वजनदार माणूस, शब्दाचा पक्का. शिक्षण खरं, परगावी राहून पूर्ण केलेलं. आई साधी. मुलीबद्दल दोन मतं. एक, स्वभाव गरीब. दुसरं, गर्विष्ठ. गर्विष्ठ कशावरून? तर गावातल्या एका मोठ्या घरची सून तिच्याकडे जात होती. सुनेला काय झालंय म्हणून बायकांनी हिला लई खोदून विचारलं, हिने दाद दिली नाही. सख्ख्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

मला हेच हवं होतं. तरी एकाच्या बोलण्यावर जाऊ नये, आणखी एक-दोन ठिकाणी विचार, असं आश्रुबाला सांगितलं. सत्यशीला म्हणाली, तुमची चौकशी व्हईस्तोर माणूस म्हातारा व्हईल. मी म्हटलं, घाई कशाला, गुरुवारने फरक पडतोच आहे की.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बीडहून आल्यावर तानाजी गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरवर चढून बसला. चालू केला नाही, नुसता स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. मला इतका आनंद झाला की धावतच गेलो. “शाब्बास! मार की किल्ली! एक चक्कर घे!” त्याचं तोंड पांढरं पडलं. खाली उतरला आणि आत जाऊन पडला.

सत्यशीला माझ्या अंगावर आली. “नुसतंच बसायचं व्हतं त्यास्नी! तुमाला कुनी बोलावलं व्हतं?”

मी काय वाईट केलं? उत्तेजनच दिलं ना? तेव्हापासून मनात दुखतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घोटाळा झाला. अनोळखी नंबरवरून फोन आला.

“रामराम. मी सुंदरराव, प्रियदर्शनीचा मामा. तुमी आमच्या भाचीची चौकशी लावली म्हनं.”

माझ्या तोंडून “हो जी” निघून गेलं.

“मग आमीबी तुमची केली. मानसं चांगली हायत म्हनले. मुलगा अपघातापासून रजेवर हाय तेबी कळलं. चूक त्याची न्हवती, चालायचंच. रविवारी घर बगायला येतो.”

तिथेच सांगायचं होतं की स्थळ नव्हतंच. पण सांगणार काय? मग विचारलं कशासाठी, तर उपचारासाठी, हे ओघानेच आलं असतं. या म्हणालो.

फोन ठेवल्यावर दुसराच विचार आला, तो खरा खरा लिहितो. जमलं तर काय वाईट? मुलगी चांगली, घराणं चांगलं. डॉक्टर घरातच येईल. विमा नको, बीडच्या चकरा नकोत, गावात बोभाटा नको. रात्री बायकोच्या हातची भाकरी खाता खाता तानाजी बरा होईल. मला हा विचार इतका पटला की मी दुकानात दोन गिऱ्हाइकांना उधारी दिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरात कुणाला आधी सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार, पोहे कर, एवढंच सत्यशीलेला म्हणालो. सुंदरराव दोन माणसं घेऊन आले. फेटा, पांढरी मिशी, बोलणं मोकळं. तानाजीला बोलावलं. तो येऊन नमस्कार करून बसला. सुंदरराव म्हणाले, “आमची प्रियदर्शनी बीडला असती. लोकांच्या मनाचं बगती.”

तानाजी माझ्याकडे बघत राहिला. मग उठून शेताकडे गेला. मी पाहुण्यांना म्हणालो, लाजाळू आहे.

आत गेलो तर सत्यशीला भिंतीला टेकून उभी. “तुमी काय करून बसलाव हे?”

“सोयरीक जमवतोय. वाईट आहे का मुलगी?”

ती रडायला लागली. बायकांचं कळत नाही. पाहुणे मात्र खूश होऊन गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुंदररावांचा फोन. आवाज पडलेला. भाचीने नाही म्हटलं. “ही सोयरीक होऊच शकत न्हाई म्हनती. कारन इचारू नका म्हनती. तिच्या आयनं तर शेजारी पेढे सांगून ठिवले व्हते. आमालाच तोंड दाखवाया जागा न्हाई.”

कारण काय असणार! ड्रायव्हर चालत नाही. लोक गर्विष्ठ म्हणतात ते उगाच नाही. मी एवढी चौकशी केली आणि हीच गोष्ट निसटली. अपमान झाल्यासारखं वाटतंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तानाजी आज बीडला गेला नाही. गेल्या रविवारपासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतोय. काल जेवला नाही. आज सकाळी मी म्हणालो, नियम मोडू नये, दत्ताला जाऊन ये.

सत्यशीलेने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बोलली, “दत्ताला न्हवते जात ते. त्या बाईकडं जात व्हते. मी नेत व्हते. तुमी नंबर आनला त्याच्या दुसऱ्याच हप्त्यापासून.”

मग तिने सगळंच सांगितलं. ट्रॅक्टरवर नुसतं बसायचं हेसुद्धा बाईंनीच सांगितलं होतं. रोज थोडा वेळ, चालू न करता. मी ओरडत गेलो त्या दिवसापासून ते बंद पडलं. आणि आता बाईंनी तानाजीला फोनवर सांगितलं की दोन्ही घरांत लग्नाची बोलणी झाल्यावर मला तुमचे उपचार करता येत नाहीत. बोलणी पुरती मिटली, कुणाच्या मनात काही उरलं नाही, तर बघू. नाहीतर संभाजीनगरच्या एका बाईंचं नाव देते.

“ते आता कुटंच जायचं न्हाई म्हनतेत. एकदा सगळं बोललो, पुन्हा पहिल्यापासून कुनाला सांगू, म्हनतेत.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर वळसा घालता घालता कळसाच फोडला. नोकराला दुकानाची किल्ली पाठवून दिली. दिवसभर घरीच होतो. तानाजीच्या खोलीत जायचं धाडस झालं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलणी मिटवायची कशी? बाईंनी नकार दिलाच आहे, पण सुंदरराव अजून आश्रुबाला विचारतात, मुलीचं मन वळवू का म्हणून. म्हणजे मिटलेलं नाही. आमच्या बाजूनेच पक्कं तोडावं लागेल.

मला तोड सुचली. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं म्हणायचं. देवक एक म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. मुलीला बट्टा नाही, तानाजीचं नाव नाही. सत्यशीलेला सांगत होतो. दारात तानाजी कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

“दादा, आनखी एक खोटं माझ्या नावावर घालू नको.”

मी म्हटलं, खरं सांगितलं तर तुझं लग्न होईल का?

“गाडीसमोर आलेला मानूस कोन व्हता, कुनाचा व्हता, हे तू मला कधी इचारलं का? समदे म्हनले, तुझी चूक न्हाई, इसर. त्या बाईनं इचारलं, त्याचं नाव काय व्हतं. मला म्हाईत व्हतं. रोज घोकत व्हतो. तिला सांगितलं अन् त्या दिवशी मला झोप लागली.”

त्याने मला नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोठा भाऊ म्हणून मी काय केलं इतके दिवस, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. लाज वाटते. भीतीही वाटते, कारण तो बोलून पुन्हा जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

२३ फेब्रुवारी, रविवार

धारूरला गेलो. आश्रुबाला सोबत घेतलं. सुंदररावांच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. त्यांना बाजूला घ्यावं असं मनात होतं. पण बाजूला घेतलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून तिथेच उभ्या उभ्या बोललो.

“स्थळ नव्हतंच मामा. माझ्या भावाला अपघातानंतर गाडीची भीती बसली. जेवण-झोप तुटली. त्याला तुमच्या भाचीकडं उपचाराला न्यायचं होतं. बाई कशा आहेत हे कळावं म्हणून मी स्थळाचं निमित्त केलं. चूक माझी. तुमच्या मुलीत काही उणं नाही.”

आश्रुबा माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. सुंदररावांचा चेहरा लाल झाला. “म्हंजी तुमी आमच्या पोरीला बाजारात फिरवली? तिच्या आयनं चार घरी सांगितलं, त्याचं काय करू?”

मी हात जोडले. खोटं लिहीत नाही, पाय धरायचीही तयारी होती. ते उठून आत गेले. आता हाकलतील असं वाटलं. बाहेर आल्या त्या बाईंच्या आई. डोक्यावर पदर, हाताला पीठ. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं.

“तुमच्या भावाला तिच्याकडं बरं वाटतं व्हय?”

“वाटत होतं. माझ्यामुळं थांबलं.”

“ती काय करती ते आमाला कदीच सांगत न्हाई. लोक इचारतेत, तुमची पोरगी नुसती बोलायचे पैशे घेती का? मला काय सांगाया येत न्हाई.” त्यांनी हाताचं पीठ झटकलं. “त्यास्नी न्या तिच्याकडं. मी सांगते तिला, इथं आता काय राह्यलं न्हाई.”

सुंदरराव बाहेर येऊन माझ्याकडे पाठ करून बसले. पण चहा आला. परतीच्या वाटेवर आश्रुबाचा फोन सारखा वाजत होता. म्हणजे बातमी आमच्या आधी घाट उतरली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मीच घेऊन गेलो. बाईंनी आधी तानाजीला एकट्याला आत घेतलं, मग मला. वय कमी, चेहरा शांत. मला रागावतील म्हणून मी मान खाली घालूनच बसलो होतो. त्या म्हणाल्या, यांना माझ्याकडेच यायचंय, माझ्या बाजूनेही आता अडचण नाही. पण या खोलीतलं तुम्ही मला विचारायचं नाही, यांनाही घरी विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. मी बरं म्हणालो. मग मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

बाक रस्त्याला लागूनच आहे. येणारा-जाणारा बघतोच. थोड्या वेळाने आमच्या तलवाड्याचा शहादेव समोरून गेला आणि माघारी वळून आला. दर हंगामात माझ्याकडून बियाणं नेतो, गावात त्याच्या तोंडाला कुलूप नाही. पाटी वाचून म्हणाला, “गहिनीनाथराव, तुमी हितं काहून बसलाव?”

“तानाजी आत हाय. त्याला अपघाताची भीती बसलीय. बाईंचे उपचार चालू हायत.”

वाटलं, आता काहीतरी टोमणा मारेल. पण तो बाकावर माझ्या शेजारीच टेकला. पायातली चप्पल काढून अंगठ्याने फरशी टोकरू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, “आमची थोरली पोरगी बाळंतपनापासून बोलतच न्हाई कुनाशी. लेकराकडं बगत न्हाई. कुटं न्यावं, काय कळंना. ही बाई कशी हाय? तुमी तर समदी चौकशी केली असंल.”

मी केली होती. शिक्षण कुठलं, नंबर कितवा, मामा कोण, आई कशी, विमा कुठे चालतो आणि कुठे नाही, सगळं पाठ होतं. सांगायला तोंड उघडलं, तर त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

म्हणालो, “काल तानाजीनं भाकरी मागून घेतली.”